चार आसनी पॉड आणि मुखेडचे नऊजण

२ फेब्रुवारी, नांदेड
चालकविरहित वाहनांचा तुलनात्मक तक्ता पूर्ण. तीन पर्याय. रबरी चाकांची स्वयंचलित गाडी : महाग, बाद. दोराने ओढला जाणारा मोठा डबा : सहकारी वकारचा. चार आसनी पॉड, म्हणजे छोटी बंद गाडी : माझा. चाचणीत ज्याचा पर्याय टिकेल तो लातूरचा प्रकल्पप्रमुख. वकारवर माझा राग नाही. तो फक्त चूक आहे.

५ फेब्रुवारी
वकार म्हणाला, अक्षरा, आपल्याकडं चौघंच कधी कुठं निघतात का? परदेशी अहवालानुसार एका पॉडमध्ये सरासरी १.६ प्रवासी. पान ४१. त्याने पान ४१ वाचलेलं नाही.

९ फेब्रुवारी, सकाळी ११
कंपनीच्या आवारात पॉडची चाचणी. मुखेडहून बारशाला आलेलं कुटुंब प्रवासी म्हणून बोलावलं. नऊजण. तीन पॉड उभे आहेत, हे दोनदा सांगितलं. त्यांच्यातल्या वयस्कर जगदेवीबाई म्हणाल्या, एका घरची माणसं तीन गाड्यांत कशाला, भांडण झालंय का आमचं? सगळे एकातच शिरले. वजनाचा दिवा लाल. दार मिटेना. जादा प्रवाशांनी उतरावे, अशी घोषणा सुरू. जादा कोण, ते ठरेना. जावई उठले तर चौघांनी धरून बसवलं. जावयाला उतरवतेत का कुठं.

११.१७
मी आत वाकून समजावत होते. जगदेवीबाईंनी हात धरून मांडीवर बसवलं. म्हणाल्या, किती येळ उभी राहशील बाई. आता दहा.

१० फेब्रुवारी
दोष प्रवाशांचा. अहवालात ‘प्रवासी प्रशिक्षण’ हा मुद्दा घातला. विभागप्रमुख वीरण्णा सरांनी विचारलं, बारशाला निघालेल्यांना प्रशिक्षण कुठं देणार? बसस्टँडवर, म्हटलं. त्यांनी चहा मागवला. विचार करत असावेत.

१४ फेब्रुवारी
वकारचा डबा. एकतीस प्रवासी, सगळे मावले. पण एकाने दारात पाय ठेवला : थांबा, मामा येऊन राहिलाय. चार मिनिटं उशीर. मला आनंद झाला नाही, नोंद केली. आठपैकी सहा निकषांत पॉड पुढे. निवड जवळपास निश्चित. लातूरला खोली बघायला सांगितली.

१८ फेब्रुवारी
वकार प्रकल्पप्रमुख.
डब्यात त्रुटी एकच : दारातला पाय. तो काढायला तीन महिने माणूस उभा करायचा ठरला. वकारने माझं नाव सुचवलं. सरांना म्हणाला, हिनं नुसतं बघितलं तरी लोक मागं सरकतेत. सर हसले नाहीत. मान डोलावली.
नेमणूक तांत्रिक स्वरूपाची आहे. शिट्टी मिळाली.
तुलनात्मक तक्त्यात वकारच्या रकान्यात ‘कर्मचारी : शून्य’ होतं. ते एक केलं.