अंगठा भरून येईपर्यंत

प्रिय बंड्या,

तुझे तीन फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. तुझ्याकडे काही मागायचंय आणि तू नाही म्हणशील अशी धास्ती आहे. पत्रात निदान मधेच अडवता येत नाही.

तीन महिन्यांपूर्वी पुठ्ठा कापताना सुरी घसरली आणि डावा अंगठा चांगलाच कापला. पन्नास वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या बाईचं औषध ठरलेलं: जखमेवर खळ, वर कागदाची पट्टी, की चौथ्या दिवशी विसरायचं. या वेळी चौथ्या दिवशी अंगठा टम्म फुगला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला असं झापलं म्हणून सांगू! म्हणाल्या, आजी, सत्तरी आली, कातडी पातळ झाली, नवी सावकाश येते. पूर्वी आठवड्यात भरायचं त्याला आता दोन महिने धरा, आणि खळ पुस्तकांना लावा. मी घाबरले रे. अंगठा गेला असता तर दुकानच गेलं असतं.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी पट्टी बदलायला जायचे. बाकावर शेजारी एक माळीबुवा असत, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, कुंपणाच्या तारेनं नडगी चिरलेली. त्यांनी वर चिखल थापला होता. ते ऐकून मी इतकी हसले की ठणका विसरले. मग आमची पैजच लागली, कोणाची जखम आधी भरते. अंडी खाल्ली, साखर तपासली, सांगितलं ते सगळं केलं. पण सहाव्या आठवड्यात नर्सबाई म्हणाल्या, झालंच की आता, आणि माझा चेहरा पडला.

तुझे बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. तू म्हणायचास, हळूहळू बरं वाटेल. वाटलं, पण फारच हळू, आणि ते तुला सांगायची मला लाज वाटायची.

अंगठा आता छान भरलाय, गुलाबी कातडी आलीय. तरी माळीबुवांना सोबत म्हणून मी बाकावर जाऊन बसत होते. महिन्यापूर्वी नर्सबाईंनीच बिंग फोडलं. बुवांची नडगी माझ्या अंगठ्याच्या दोन आठवडे आधीच बरी झाली होती. अजून थोडी बाकी आहे असं सांगा, म्हणून त्यांनी बाईंच्या विनवण्या केल्या होत्या आणि वर कोरी पट्टी बांधून येत होते. लबाड म्हातारा.

आम्ही लग्न करतोय, पुढच्या शुक्रवारी, नोंदणी कार्यालयात; महिन्याची नोटीस तेव्हाच दिली. तू रागावलास तरी करणार आहे, पण मग त्या दिवशी माझं अर्धं लक्ष दाराकडे राहील. साक्षीला तीन सह्या लागतात, दोन नर्सबाई आणि दवाखान्यातले डॉक्टर करणार आहेत. तिसरी तू करशील का?

तुझीच,
आई