टेकडीवरची लाल बोंडं

लोणावळे, ४ मार्च १९३७
कुमूचा डांग्या खोकला — तेविसावा दिवस. तीन वर्षांची पोर, खोकून खोकून डोळे लाल झालेत. डॉक्टर म्हणतात, समुद्राची हवा. हे म्हणतात, 'बघू.' बघू कसलं! वन्सं अलिबागेला आहेत, मी उद्याच निघते. दूधवाली सरुबाई म्हणाली, "फड्या निवडुंगाचं बोंड भाजून रस द्या मधातून. पन आता फड्या ऱ्हायलाय कुटं? पांढऱ्या किड्यानं समदा खाल्ला."

अलिबाग, ९ मार्च
खोकला उलट वाढलाच. जरा मन रमावं म्हणून वन्संनी एका शेठची बाग दाखवायला नेलं. समुद्राकाठची अख्खी टेकडी काट्यांची — खांबासारखे, चेंडूसारखे निवडुंग, सगळे बोटीनं परदेशातून आणवलेले. आमच्याकडे निवडुंग माजला की पेटवून देतात, इथे राखायला माळी! माळी आपल्या लोणावळ्याकडच्या नवलाख उंबऱ्याचा निघाला, कोंडाजी. बोली ऐकून बरं वाटलं. एका झाडाला लाल बोंडं होती. मी मागितली.
"न्हाई बाई. दिसतंय आपल्या फड्यावानी, पन हाय परमुलखातलं. लेकरावर कशापायी इखाची परीक्षा?"
काय मिजास मेल्याची! माझी पोर मरतेय आणि हा फळं राखतोय.

१० मार्च
दुपारी तो भाकरी खायला गेला तेव्हा चार तोडून आणली. बोटांत कुसळं गेलीत, लिहिताना टोचतात. चुलीत भाजून रस काढला, मधातून दोन चमचे दिला. वन्संना सांगितलं नाही.

११ मार्च
खोकला कमी. पेज मागून प्याली. पुन्हा दोन चमचे दिला.

१२ मार्च
कुमू सकाळी गेली.

लोणावळे, २० मार्च
वन्संनी चुलीपाशी साली पाहिल्या होत्या. सगळ्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं — माळ्यानं दिलं, औषध म्हणून. ह्यांनी शेठना पत्र घातलं. मी अडवलं नाही. मीच तिला मारलं हे कळलं तर मी तोंड कुठे दाखवू?

२ एप्रिल
कोंडाजीला कामावरून काढलं. बायकापोरं घेऊन उंबऱ्याला परत आलाय.

११ एप्रिल
सरुबाई दूध मापता मापता सांगत होती, "शेटम्होरं धा बोंडं खाल्ली कोंडाजीनं. म्हनला, म्या दिली न्हाईत, पन आता मलाच बघू द्या. कायबी झालं न्हाई त्येला. तरीबी शेटनं हाकललाच."

१२ एप्रिल
डॉक्टरांना विचारून आले. म्हणाले, त्या फळानं कोणी मरत नाही, डांग्यानंच छाती भरली असणार. म्हणजे लपवण्यासारखं काही नव्हतंच. हे जेवायला बसलेत. मी वाढून आत आले. अजून सांगितलेलं नाही.