गाझियाबादचा फ्लॅट उल्हासला का नाही

मी, कुमुद गुणवंत वाघमारे, वय सदुसष्ट, केंद्र सरकारी कार्यालयातून निवृत्त, राहणार मयूर विहार, दिल्ली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे.

१. बँकेतील ठेवी मुलगा उल्हास व मुलगी वृंदा यांना समान. शिलाई मशीन वृंदाला. उल्हासकडे त्यावर कपड्यांचे ढीग पडतील.

२. गाझियाबादचा फ्लॅट. इथे जरा सविस्तर लिहिते.

१९७४ साली मी आणि माझे यजमान गुणवंत दिल्लीत भाड्याची खोली शोधत होतो. घरमालक पूर्ण नाव विचारायचे. आम्ही बौद्ध, हे कळलं की म्हणायचे, "कमरा तो उठ गया," म्हणजे खोली भाड्याने गेली. यजमानांचे मित्र राजाभाऊ म्हणाले, "यार, जोशी सांगून टाक, कोण तपासतंय?" हे म्हणाले, "मग त्या खोलीत मला झोप कशी लागेल?" दोन हिवाळे आम्ही गच्चीवर पत्र्याखाली काढले. पुढे पोटाला चिमटा घेऊन हा फ्लॅट घेतला.

गेल्या रविवारी तो भाड्याने घ्यायचा म्हणून बघायला एक नर्स आली. उल्हासने नाव विचारलं. "शबनम अन्सारी." आणि माझ्यादेखत माझा मुलगा म्हणाला, "मॅडम, फ्लॅट तो उठ गया."

ती "जी, कोई बात नहीं" म्हणून जिना उतरली. तिला याची सवय होती, हेच मला जास्त लागलं.

उल्हास म्हणाला, "आई, तत्त्वं बिल्कुल ठीक आहेत. पण सोसायटीवाले कटकट करतात. आपली सोय बघायला नको?" त्याला लाज वाटत नव्हती, तो मलाच समजावत होता. गुणवंतांचा मुलगा! अजून खरं वाटत नाही.

सबब तो फ्लॅट वृंदाला. तिथे कोणी राहावं, यात उल्हासने बोलू नये. हे रागाने लिहीत नाही असं लिहिणार होते, पण रागानेच लिहीत आहे.

३. राजाभाऊंवरचा माझा जुना राग रद्द समजावा. त्यांनी खोटं सुचवलं, ते निदान कुणाला छप्पर मिळावं म्हणून.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली.

दिल्ली, १७ नोव्हेंबर २०१६
(सही) कुमुद गुणवंत वाघमारे

साक्षीदार:
(सही) राजाभाऊ जोशी, मयूर विहार, दिल्ली
(सही) शबनम अन्सारी, नर्स, राहणार कलम २ मधील फ्लॅट, गाझियाबाद, सोमवारपासून