मानाची मुंडी आणि माझा शाकाहार

१५ मार्च, शनिवार. सकाळी.
आजपासून शाकाहार. निर्णय अंतिम.
काल धुळवड. मटण झालं. आज उठलो तर उजव्या पायाचा अंगठा टोमॅटोएवढा. डॉक्टर म्हणाले युरिक ॲसिड, मटण बंद. परंतु हा निर्णय डॉक्टरांचा नव्हे, माझा. आठवीपासून संस्कृत घेतलेल्या माणसाला सात्त्विक आहाराची ओढ आतूनच असते. अंगठा निमित्तमात्र.
माधवीला सांगितलं. ती फक्त बरं म्हणाली. टोमणा नाही, हसू नाही. इतक्या वर्षांच्या संसारात बायको एका शब्दात कधी ऐकत नाही. यामागे काय असेल?

१६ मार्च, रविवार.
लोणावळ्याच्या बाजारात गेलो. मटणवाल्याने साहेब, साहेब करून हाक मारली. मान वळवली नाही. पिशवीभर तोंडली आणली. एवढी तोंडली कोण खाणार, असं माधवी म्हणाली. मी, असं तेजस्वीपणे म्हणालो.
दुपारी एक तोंडलं खाल्लं.
शेजारच्या बंगल्यात मुंबईचे वीकेंडवाले उतरलेत. अंगणात बार्बेक्यू. कुसगावात एवढा वारा, चारी दिशा मोकळ्या, पण धूर नेमका आमच्या खिडकीत. हा योगायोग असू शकत नाही.

१९ मार्च, बुधवार.
पुण्याच्या ज्या दैनिकाला मी तालुक्याच्या बातम्या पाठवतो, त्याच्या पुरवणीसाठी लेख लिहिला. ‘मांसाहार सोडताना’. शेवटचं वाक्य: ‘आता ती वासनाच उरली नाही.’ अनुभव ताजा असताना लिहिलेलं बरं. कोमलने (कन्या, टी.वाय.) विचारलं, पप्पा, अजून आठवडा तरी झालाय का? हल्लीच्या पिढीला साधनेची घाई फार.

२३ मार्च, रविवार.
लेख आला. फोटोसह. फोन खणखणतोय.
दुपारी गावाहून चुलतभाऊ हौशीराम मोटरसायकलवर हजर. वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन. या माणसाने आजवर मला शेतातली मिरचीसुद्धा दिलेली नाही. म्हणाला, दादा, तुजा लेख रतनीनं वाचून दाखिवला. म्या बी सोडलं आजपास्नं.
दिवाळीत त्याला ॲटॅक आला होता. दोन स्टेंट आहेत. तरी ओढ्याकाठी चुलीवर लपून मटण शिजवणारा हा गडी. डॉक्टरांनी समजावलं, रतनबाईने (त्याची बायको) रडून पाहिलं, ढिम्म हलला नाही. आणि माझ्या एका लेखाने सुटलं?
वर विचारतो, वास आला म्हंजी तू काय करतोस रं दादा? मनोनिग्रह, असं मी सांगितलं. तो शब्द त्याने दोनदा म्हणवून घेतला. घोकत घोकत गेला.
कुठेतरी पाणी मुरतंय.

२४ मार्च, सोमवार. पहाटे.
उलगडा झाला! यात्रा!
चैत्रात आमच्या गावची यात्रा. पहिल्या दिवशी देवीला पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद्य. बोकडाची मुंडी थोरल्या घराची, म्हणजे आमची. थोरल्या घरच्याने मुंडीचा पहिला घास घ्यायचा, मगच पंगत बसते. आजोबांपासून हा मान आमच्याकडे. थोरल्या घराने घास नाकारला, तर मान धाकट्या घराकडे जातो, आणि गेलेला मान परत येत नाही.
धाकटं घर म्हणजे हौशीराम.
म्हणून वालाच्या शेंगा. मला शाकाहारातच मुरवायचं, स्वतःही सोडल्याचं नाटक करायचं, आणि ऐन यात्रेत मुंडीवर हात टाकायचा. वा रे पठ्ठ्या!

२७ मार्च, गुरुवार.
वडगावला तहसील कचेरीत बातमीसाठी. साहेब जागेवर नाहीत. बाहेर गाडीवर भुर्जी खाल्ली. यात काही वावगं नाही. अंडं म्हणजे कच्ची बातमी. पुष्टी होईपर्यंत तिला कोंबडी म्हणता येत नाही.
गाडीवाल्याने डबल का म्हणून विचारलं. माझी सवय त्याला कुणी सांगितली?

३० मार्च, रविवार. पाडवा.
सकाळी गुढी उभारली आणि सहकुटुंब गावी. खरा हेतू तपासणी. हौशीरामच्या घरी न सांगता, बरोबर जेवणाच्या वेळी शिरलो. टोपावरचं झाकण उचललं. मुगाची आमटी. दुसरं उचललं. बटाट्याची भाजी. चुलीमागे पाहिलं, मोरीत पाहिलं, हाडूकही नाही. पुरावा इतका स्वच्छ असतो तेव्हा तो आधीच साफ केलेला असतो, हे पंचवीस वर्षांच्या पत्रकारितेने शिकवलं आहे.
फ्रिजवर माझा लेख चिकटवलेला. रतनबाई म्हणाली, भाऊजी, सकाळ-सांज वाचत्यात ह्ये. वजन बी उतारलंय बगा.
नाटकात बायकोलाही घेतलंय.

५ एप्रिल, शनिवार.
शेजारच्या बंगल्यात नवे पाहुणे. त्यांनी आग्रहाने बोलावलं. पनीर टिक्का आहे म्हणाले. तिसऱ्या तुकड्याला शंका आली की हे पनीर नसावं. सातव्याला खात्री झाली. अजाणता घडलेल्याचा दोष लागत नाही.
अंगठा किंचित ठणकतो. तोंडल्यांमुळे असावा.

१० एप्रिल, गुरुवार.
गावाहून येसूकाकीचा फोन. काकी भावकीत सगळ्यात वडील, यात्रेत तिचा शब्द शेवटचा. म्हणाली, थोरला बी बामन झाला, धाकटा बी बामन झाला, आता मुंडी काय देवीनंच खायाची व्हय रं? मी म्हणालो, काकी, मी विचार करून सांगतो. तर म्हणते, तू नगं इचार करूस, तुज्या अंगठ्याचं माधवीनं सांगितलंय मला. मान घराचा हाय, मिश्यांचा न्हाई. आपली कोमल खाईल घास. देवीला पोर चालती.
म्हणजे माधवी आणि काकी परस्पर बोलतात! कोमलही हो म्हणून बसली आहे. घरातल्या घरात सत्तांतर. त्या दिवशीच्या एका शब्दातल्या ‘बरं’चा अर्थ आज लागला.
माधवी म्हणते, अहो, मान घरातच राहतोय, तुमचं पथ्यही राहतंय, आणखी काय हवंय? अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

१३ एप्रिल, रविवार.
हौशीराम पुन्हा आला. कैऱ्या आणल्या. मग म्हणाला, दादा, आता एवडी यात्रा निगली पायजे. सारा गाव रस्सा वरपनार, डोस्कं फिरंल माजं. तू जवळ बस. तू बसलास म्हंजी म्या हलत न्हाई.
डोळ्यांत पाणीही आणलं. अभिनय उत्तम.
मी बसतो म्हणालो. म्हणायला काय जातं?
सखोल चिंतनाअंती: मानाचा घास हा आहार नव्हे. तो विधी आहे. विधीने व्रत मोडत नाही. फक्त एक घास, तोही निर्विकार मनाने. आजोबांच्या मानासाठी एवढं करणं भाग आहे. शाकाहार अबाधित.

१७ एप्रिल, गुरुवार. गावी.
यात्रेचा पहिला दिवस. पुरणपोळी. हौशीराम पालखीत माझा हात धरून चालला. उद्या देवळामागे गोड्या जेवणाची वेगळी पंगत आहे. त्याने तिथे आम्हा दोघांसाठी सतरंजी आजच टाकून ठेवली. मी कुठे बसणार यावर त्याचं इतकं लक्ष का?

१८ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी.
मान राखला. तपशील क्रमाने लिहितो.
दुपारी पंगत मांडली. काकीने मुंडीचं ताट कोमलपुढे ठेवलं. हौशीराम देवळामागे दिसत नव्हता. म्हणजे कुठेतरी दबा धरून बसलाय, क्षणात येऊन ताट ओढणार, हे मी ताडलं. पुढे झालो. कोमलला उठवलं. मानाचा घास आहार नसून विधी आहे, यावर मोजकं बोललो. काकी म्हणाली, आरं, खायाचं तर खा, रस्सा गार होतुया.
घास घेतला. निर्विकार मनाने. त्याच निर्विकार मनाने ताट संपलं. रस्सा दोनदा घेतला असेल. कोण मोजतं.
मान वर केली तर समोर हौशीराम. दोन्ही हातांत वरणाच्या वाट्या. एक त्याची, एक माझी. आचाऱ्याकडून गरम करून आणायला गेला होता. माझ्या ताटातल्या हाडांकडे बघत राहिला. मी म्हणालो, हौशा, हा विधी आहे. तो म्हणाला, आसं हाय व्हय.
वाट्या जमिनीवर ठेवल्या, माझ्या शेजारी मांडी घातली, आणि वाढप्याला म्हणाला, वाढ रं मला बी. वरची तर्री घाल.
रतनबाई पाण्याचा जग घेऊन उभी होती. ओरडली नाही. खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाली, भाऊजी, डॉक्टरचं ऐकलं न्हवतं, माजं ऐकलं न्हवतं. तुमचं ऐकलं हुतं.
मी पाणी मागितलं. ती पुढे निघून गेली.
माधवीही बोलली नाही. बरं एवढंसुद्धा नाही.

२० एप्रिल, रविवार. कुसगाव.
अंगठा पुन्हा टोमॅटो. चप्पल चढत नाही.
मुंडीवर हौशीरामचा डोळा नव्हता, हे तत्त्वतः मान्य करावं लागेल. त्याने तिला हातही लावला नाही. पण मग शेंगा कशासाठी, कैऱ्या कशासाठी, याचं समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही. माधवी म्हणाली, तुम्ही आवडायचात त्यांना. ही शक्यता मी विचारात घेतली नव्हती.
सकाळी त्याचा फोन. आवाज एकदम खुशीत. म्हणाला, दादा, बोकड कापत्यात खालच्या आळीत, अर्दा-अर्दा वाटा घ्यू का दोगांत? मी गंभीरपणे समजावलं. तुझं हृदय, तुझे स्टेंट, रतनबाई. ऐकून घेतलं त्याने सगळं. शेवटी मी निक्षून सांगितलं, हौशा, मी शाकाहारी आहे.
तो म्हणाला, व्हय रं दादा. आता म्या बी तुज्यासारकाच शाकाहारी.