शेणात कालवलेली पावडर

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की माझा हात आपोआप पदराकडे जातो. अंबरनाथच्या फरशीच्या घरातून मी बदलापूरपलीकडे तुमच्या सारवलेल्या घरात आले तेव्हा नव्वद साल अजून उजाडायचं होतं. पिसवा वाढल्या की तुम्ही सारवायला बसायचात. दुकानातून पुडीत आणलेली पिसवा मारायची पांढरी पावडर शेणाच्या पाटीत मुठीनं टाकायचात, कोपरापर्यंत हात घालून कालवायचात आणि मला म्हणायचात, "बघून ठेव, सुनेला हे यायला पाहिजे." वासानं माझं डोकं चढायचं. मग तेच हात राखेनं घासून तुम्ही भाकरी थापायला बसायचात, आणि मी गपगुमान खायची.

मुलगी रांगायला लागली त्या सुमारास आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई ओटीवर बसून सांगून गेल्या. ती पावडर शेणात कालवू नका, उघड्या हातानं धरू नका, रांगतं पोर असेल त्या घरात तर नकोच. गोठा झाडा, अंथरुणं उन्हात टाका. तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि त्या वळल्यावर मला म्हणालात, "तुझ्या बिल्डिंगीत पिसवा नसतील बाय, आमचा गोठा भिंतीला लागून आहे." तुमचा मुलगा एमआयडीसीतली पाळी करून आला, त्याला सांगितलं, तर म्हणे, "आईला मी काय शिकवू?" झालं. आता बोलणार कुणाशी, भिंतीशी? मी पोरीला खाली ठेवणंच बंद केलं. पाणी भरताना, भांडी घासताना ती पाठीला बांधलेली. आळीतल्या बाया मला माकडीण म्हणायच्या. म्हणा म्हटलं. पाठ मोडून यायची, पण त्या घरात माझ्या हातात तेवढंच होतं.

त्या दिवशी मी नदीवर धुणं घेऊन गेले आणि तुम्ही पोर ठेवून घेतलीत. परत आले तर ती ओल्या सारवणावर बसून तळवे चाटत होती. दुपारी तिला आकडी आली. रिक्षानं बदलापूरचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? तुम्ही म्हणालात, "दृष्ट लागलीय." तेव्हा मी तुमच्यापुढे पहिल्यांदा तोंड उघडलं. "सारवणात पिसवांची पावडर होती. हिनं हात चाटलेत." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की वाटलं, आता या घरात माझं काही खरं नाही.

पोर वाचली. बाहेरच्या बाकावर मी तोंडाशी सगळं आणून बसले होते, आज सोडायचं नाही म्हणून. तर तुम्हीच हळू आवाजात म्हणालात, "माझी दोन अशीच गेली. रांगती होती. आकडी आली. भगत म्हणाला, बाहेरचं आहे." आणि मग, "तेव्हाही मी पावडर घालायची ग. त्यानंच का?" माझा राग कुठल्या कुठे गेला. भीती वाटली मला तुमची, तुमच्यासाठी. मी म्हणाले, "नाही हो, तेव्हाची पावडर वेगळी असेल."

त्यानंतर तुम्ही पावडर कधी आणली नाहीत, आणि तो विषयही कधी काढला नाहीत. मी तुमच्या शेजारी बसून नुसतं शेण कालवायची आणि तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून जीव मुठीत धरून असायची. हे पत्र कुठे टाकणार, घडी करून ठेवते झालं. खरं काय ते मला त्या बाकावरच कळलं होतं, आत्याबाई. आज विचारलंत तरी मी नाहीच म्हणेन.