तुझ्या मापाची एअरबॅग

लाडक्या मह्या,

काल मी फोनवर एका माणसाला सांगितलं की तू ठीक आहेस. "हो हो, भाई एकदम ठीक है," असं म्हणालो. आवाजसुद्धा कापला नाही रे! फोन ठेवला आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. घरात कुणाच्या तोंडाकडे बघवेना. म्हणून आज हे पत्र. ज्याच्याबद्दल खोटं बोललो त्यालाच सांगितलेलं बरं, दुसऱ्या कुणाला सांगू?

फोनवरचा माणूस म्हणजे ठाण्यातला एक दुकानदार. हेल्मेट, हातमोजे, गाडी चालवताना घालायची जाकिटं असलं सगळं विकतो. त्याच्याकडून मी एअरबॅगचं जाकीट आणलं होतं. तू होतास तेव्हा असलं काही मिळतं हे आपल्याकडे कुणाला माहीत होतं? बिनबाह्यांचं असतं, कपड्यांवरून घालायचं. त्याची दोरी गाडीला अडकवायची. माणूस गाडीवरून फेकला गेला की दोरीला हिसका बसतो, आतलं गॅसचं नळकांडं फुटतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जाकीट फुगतं. मान, पाठ, छाती, सगळं झाकून घेतं.

छाती, मह्या! तुझ्या डोक्यावर हेल्मेट होतं. एरवी आरशाला लटकवून फिरायचास, नेमकं त्या दिवशी घातलं होतंस. डॉक्टर स्वतःच्या छातीवर हात ठेवून मला समजावत होते आणि मी वेड्यासारखा त्यांना तुझं हेल्मेट दाखवत होतो, बघा ना, साधा ओरखडा नाही.

मी अजून वडप्यालाच आहे, गोदामाच्या गेटवर गाड्यांची एन्ट्री करतो. रविवारी सकाळी नाशिककडे फिरायला जाणारी बाइकवाली मंडळी समोरच्या टपरीवर चहाला थांबतात. त्यातल्या एकाच्या अंगात मी ते जाकीट पाहिलं. एरवी या लोकांना नावं ठेवण्यात माझा सगळा रविवार जायचा, पण त्या दिवशी उठून गेलो आणि विचारलं, हे काय आहे? त्याने सगळं दाखवलं. परत येऊन खुर्चीत बसलो तेव्हा डोळ्यांसमोर एकच माणूस होतं. कविता.

तुझी बायको तुझीच गाडी चालवते, तुला ठाऊक नसेल. पूर्णा गावात एका गोदामात चेकर आहे, पार्सलं तपासते. गावातून वडपे, तिथून हायवे, मग राहनाळवरून पूर्णा, रोज जाऊन येऊन. मी सुचवलं होतं, स्कूटर घे. म्हणजे तुझ्या वहिनीकरवी सुचवलं. कविताने वहिनीकरवीच उत्तर पाठवलं, खड्ड्यात स्कूटरची चाकं बुडतात, यांची गारीच बरी. तू जिथे पडलास त्याच रस्त्याने, त्याच कंटेनरांच्या मधून ती जाते आणि मी गेटवर बसून रजिस्टर भरतो!

आता तू म्हणशील, दादा, मग सरळ तिला ठाण्याला घेऊन जायचं ना. तुला सोपं वाटतं! आपल्यात थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी कसं वागायचं ते विसरलास का? ती समोरून आली की आपण अंग चोरून बाजूला व्हायचं. वस्तू हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, मग तिने उचलायची. तुमच्या हळदीला सगळं गाव एकमेकांना पिवळं करत होतं आणि मी मांडवाच्या खांबाला चिकटून उभा होतो. तू लांबून ओरडलास, "दादा, वाघ हाय का ती?" सगळे हसले. मी त्या दिवसापासून आजवर तसाच त्या खांबाला चिकटून आहे बघ.

त्यात तू गेलास. आता तर मी तिच्या खोलीच्या दिशेने पाहिलं तरी गावाला बोलायला विषय. म्हणून एकटाच ठाण्याला गेलो. तुझ्या वहिनीलाही सांगितलं नाही.

दुकानदाराने दोन प्रकार पुढे ठेवले. एक दोरीचं, एक बिनदोरीचं. बिनदोरीच्यात यंत्र असतं, आपण पडतोय हे ते आपलं आपण ओळखतं, पण त्याला मोबाइलसारखं चार्ज करावं लागतं. मी म्हटलं, दोरीचं द्या. आमच्याकडे लाइट कधी जाते त्याचा भरवसा नाही, आणि यंत्र बिघडलं तर कळणार कसं? दोरी झिजली तर दिसते तरी. दुकानदार खूश झाला. मीही स्वतःवर खूश झालो. मग त्याने विचारलं, "किसके लिए चाहिए?"

मह्या, भावजयीसाठी म्हटलं की पुढचा प्रश्न छातीच्या मापाचा येणार. तो मला ऐकायचा नव्हता आणि त्याचं उत्तर मला माहीत असणंही बरं नव्हतं.  मी म्हणालो, "भाई के लिए."

"तो भाई को लेके आओ. ये शर्ट नहीं है भाईसाब. ढीला रहा तो फूल के ऊपर चढ़ेगा, पसली खुली रह जाएगी. टाइट रहा तो साँस दबाएगा."

"उसका ड्युटी रहता है," मी म्हणालो. "मेरे जितनाच है वो. छाती बेचाळीस."

तुझं माप मला विचारायला नको होतं. जन्मभर माझे शर्ट ढापलेस, आणि वर म्हणायचास की तुझ्यापेक्षा मलाच चांगले दिसतात! दुकानदाराने जाकीट माझ्या अंगात चढवलं, बाजूचे पट्टे ओढून बसवले, आरशासमोर उभं केलं. अगदी मापात बसलं.

पट्टे बसवता बसवता तो विचारत होता, भाई कौनसी गाड़ी चलाता है, कैसा चलाता है. आणि मी सांगत सुटलो. गाडी काढण्याआधी टाकीवर हात फिरवतोस ते. मागे बसलेल्याला रेनकोट देऊन स्वतः भिजतोस ते. खड्डा आला की खड्ड्यालाच शिवी देतोस ते. सगळं आता घडतंय असं सांगत होतो, चलाता है, भीगता है, गाली देता है. त्याने चहा मागवला. म्हणाला, "नसीबवाला है आपका भाई."

आणि मला बरं वाटत होतं रे. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. चहा संपेपर्यंत तू जिवंत होतास, आणि तेवढ्यासाठी ज्या बाईला ते जाकीट लागणार होतं ती माझ्या डोक्यातून पार निघून गेली होती.

घरी आल्यावर जाकीट मी गाडीच्या सीटवर ठेवलं आणि भिंतीकडे बघून म्हणालो, "हे घालून जायचं. दोरी गाडीला अडकवायची." झालं! एवढ्यात माझं कर्तव्य संपलं.

तिने रोज घातलं. एक दिवस चुकवला नाही. ती सकाळी वडप्याच्या गेटसमोरून जायची आणि मला दिसायचं, जाकीट खांद्यावरून ओघळलंय, वाऱ्याने बाजूंनी फडफडतंय. दुकानदार काय म्हणाला होता ते मला आठवत होतं, मह्या. पसली खुली रह जाएगी. पट्टे ओढून घे, एवढं एक वाक्य. पण ते म्हणायचं म्हणजे मी तिच्या अंगाकडे पाहिलं असं कबूल करायचं. मी रजिस्टरमध्ये मान घालायचो.

वहिनीला सांगता आलं असतं, हो की नाही? मग तिने विचारलं असतं की तुम्हाला कसं कळलं. काय पण माणूस मी!

मागच्या महिन्यात राहनाळजवळ एका टँकरने रस्ताभर पाणी सांडत नेलं होतं. कविताची गाडी घसरली. ती फेकली गेली, दोरी ताणली, जाकीट फुगलं. बरोबर ठरल्याप्रमाणे फुगलं! आणि ढिलं होतं म्हणून वर सरकून कानापर्यंत गेलं. मान वाचली, डोकं वाचलं. बरगड्या उघड्या पडल्या आणि दुभाजकाच्या कडेवर आपटल्या.

फोन मला आला. गाडीखाली आलीय का, एवढंच विचारायचं होतं आणि ते न विचारताच निघालो. दवाखान्यात पोचेपर्यंत मी तुला किती हाका मारल्या असतील! ऐकल्यास का एखादी?

बरगडीला तडा गेला होता. जिवावरचं टळलं. डॉक्टर म्हणाले, जाकीट होतं म्हणून बरगडीवर निभावलं, पण माप कुणाचं घेतलं होतं? तुझ्या वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी वॉर्डच्या दाराबाहेर उभा होतो, नेहमीसारखा, खांबाला टेकून. आतून कविताचा आवाज आला. बोलताना तिला दुखत होतं.

"दादा, आत या. तितं काय उबं रायलात?"

गेलो. खाटेपासून लांबच थांबलो. खाली बघत म्हणालो, "माप चुकलं माझं."

"चुकला नाय," ती म्हणाली. "घातला तवाच मना कललं, यांचा माप हाय. यांचे शर्ट मीच आनायची ना. मना वाटला, तुमी मुद्दाम यांचा माप आनलाय. मंग कसा काय बोलू, ढिला व्हतंय म्हनून? पट्टा पन तसाच ठेवला."

ऐकलंस? तिला वाटलं, मी तिच्या अंगावर तुझी आठवण घातलीय. माझ्या भित्रेपणाला तिने माया समजून रोज अंगात घातलं, आणि पट्टासुद्धा ओढला नाही, तुझं माप बिघडेल म्हणून. मला तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी सगळं सांगितलं. दुकानात काय बोललो, का बोललो, रोज गेटवरून काय बघत होतो, सगळं. तुझी वहिनी तोंडावर पदर धरून ऐकत होती.

कविताने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मना इचारला आसता त सांगितला आसता ना, दादा. त्यान काय लाजायचा व्हता? मी मेली आसती त लाज काय कामाला आली आसती?"

तुझ्या वहिनीने घरी येताना पुढचं पुरं केलं. "लाज कुटं धरायची ते पन तुमाला कलत नाय." 

आता ती घरी आहे, बरी होतेय. गावातले येतात आणि सांगून जातात, गाडी विकून टाका. खरं सांगतो, माझ्याही तोंडाशी तेच आलं होतं. पण या वेळी भिंतीकडे न बघता तिलाच विचारलं. ती म्हणाली, "गारी इकायची नाय. बरी झाली का मी जानार." मग तुझ्या त्या जाकिटाकडे बोट करून म्हणाली, "आन ह्या तुमी घाला. तुमाला मापात बसतंय ना? मना दिलात, न तुमी सवता काय बिनजाकिटाचं फिरताव हायवेला?"

खरंच रे, मह्या! मी रोज त्याच रस्त्याने स्कूटरवर जातो, ते माझ्याच लक्षात आलं नव्हतं. तिच्या आलं.

म्हणून काल दुकानदाराला फोन केला. एकदा फुगलं की नळकांडं नवीन घालावं लागतं, जाकीटही तपासून घ्यावं लागतं. मी म्हटलं, सिलेंडर बदलना है. तो घाबरलाच. "मतलब भाई गिरा? भाई ठीक है ना?" इतक्या काळजीने विचारलं त्याने! आणि दवाखान्यात एवढं सगळं कबूल करून आलेला तुझा दादा पुन्हा घसरला. एकदम ठीक है, म्हणालो. समोरच कविता बसली होती. तिने ऐकलं. उठून आत गेली.

मला एक गोष्ट काल कळली. तू गेलास हे मी अजून कुणाला म्हटलेलंच नाही. "महेशचं असं झालं" म्हणतो, "त्या प्रसंगानंतर" म्हणतो. "महेश गेला" हे दोन शब्द मी तिच्यावर टाकून दिले, तिने रोज वापरावेत म्हणून. गोदामात नोकरी मागताना तिनेच म्हटले असतील, गाडी नावावर करतानाही तिनेच.

परवा रविवारी आम्ही तिघं ठाण्याला जातोय, मी, तुझी वहिनी आणि कविता. दुकानदार मला ओळखेल. "भाई को लाये?" असं विचारेल, चहाही मागवेल. तुझी शपथ घेऊन सांगतो, मी सांगेन, "भाई नहीं रहा. मैं झूठ बोला था." तिच्यासमोर सांगेन. बाहेर जाऊन उभा राहणार नाही, खांब शोधणार नाही. आणि म्हणेन, ही माझ्या भावाची बायको, गाडी ही चालवते, माप हिचं घ्या.

मग तुझ्या मापाचं जाकीट घालून मी घरी येईन. या वेळी शर्ट तुझा आणि ढापणारा मी.

तुझा,
दादा