मागाचं वजन

कडोदरा,
१० जानेवारी १९९६

प्रिय धर्मेंद्र,

दिवाळीनंतर मला संग्रहालयात नोकरी लागली. उल्कांच्या नोंदी करते. आई शेजारणींना सांगते, आमची पोरगी आकाशातल्या दगडांची कारकून झाली. तिथल्याच एका कपाटात तुझा दगडही आहे. पाटीवर लिहिलंय, ‘तापीच्या पात्रात सापडला. शोधक: धर्मेंद्र पाटील.’

तू तो पहिल्यांदा कुठे पाहिलास, आठवतं? माझ्या आप्पांच्या, कापड विणायच्या मागाला लटकलेला. शिरपूरकडच्या शेतात नांगरताना आजोबांना मिळालेला, नारळाएवढा, पण उचलताना कंबर धरायला लावणारा. आप्पांनी लेथवाल्याकडून भोक पाडून हूक बसवला आणि ताण्याचे उभे धागे ओढून धरायला लावला. बारा वर्षं तो तिथेच होता. ही उल्का असेल, असं मला वाटलं ते मी फक्त तुला सांगितलं. तेव्हा मनात येईल ते सगळं तुलाच सांगायचे मी. आप्पांनी दगड सोडवून तुझ्या हातात ठेवला, ‘लई जाय भाऊ, तुना अभ्यासले कामे ई.’ मग प्लेग आला, आम्ही गावी पळालो. परतलो तेव्हा पेपरात तुझा फोटो. जाब विचारायला आले, तर मित्रांसमोर हसलास. ‘मग काय लिहू पाटीवर, मागाचं वजन?’

गेल्या आठवड्यात साहेबांनी दगडाची कड कापवून ॲसिड लावलं. आत उभ्या-आडव्या पट्ट्या उमटल्या, विणल्यासारख्या. अशी नक्षी पडायला लोखंड लाखो वर्षं हळूहळू थंड व्हावं लागतं. मी म्हटलं, साहेब, मागची बाजूही बघू. हूक कापून तू भोकात भरलेली लांबी, रंगारी भरतात ती पुट्टी, मी स्वतः टोकरून काढली. आत काळं तेल आणि बोटभर नायलॉनचा धागा. साहेबांनी ते बोटावर घेऊन वास घेतला. मग म्हणाले, ‘आ तो लूमनुं तेल छे, बेन.’

एकवीस तारखेला तुझं व्याख्यान आहे. निमंत्रण मीच टाइप केलं, त्यात एक गोष्ट राहिली, म्हणून हे पत्र. पहिल्या रांगेत आप्पा बसणार आहेत, इस्त्रीचा सदरा घालून. शेवटी ते त्या भोकातल्या धाग्याबद्दल एवढंच विचारतील, ‘भाऊ, दगड तापीमा सापडना, मंग हाऊ दोरा कोना शे?’ उत्तर शोधायला तुझ्याकडे अकरा दिवस आहेत. ताप आला म्हणून कळवू नकोस. तू आला नाहीस तरी नवी पाटी त्याच दिवशी लागेल. ती मी लिहिली आहे, तुझेच शब्द आणि आप्पांचं नाव घेऊन: ‘लोह उल्का. मागाचं वजन. देणारे: बन्सीलाल, माग कामगार.’

एकेकाळची तुझीच,
हर्षदा